क्षेत्र-तीव्रता मापकाची निवड : विनापरवाना अल्पशक्ती नभोवाणीचे अर्थशास्त्र

सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करताना विद्यार्थी कायद्याचे कलम पाठ करतात आणि मर्यादेचा आकडाही लक्षात ठेवतात. परंतु तो आकडा मोजायचा कशाने आणि मोजण्याचा खर्च सोसायचा कोणी, हा प्रश्न उत्तरपत्रिकेत क्वचितच डोकावतो. प्राप्तिकराच्या आकारणीसाठी हिशेबवह्या लागतात, धुराड्यातून बाहेर पडणारे धूलिकण मोजण्यासाठी यंत्र लागते आणि जमिनीच्या महसुलासाठी मोजणीदाराची साखळी लागत असे. नियम ज्या एककात लिहिला जातो त्या एककाचे मापन महाग असेल, तर नियमाने दिलेले स्वातंत्र्यही तेवढेच महाग होते. रेडिओलहरींच्या नियमनात हे तत्त्व फार स्पष्टपणे पाहावयास मिळते. त्यासाठी प्रस्तुत लेखात अमेरिकेतील विनापरवाना अल्पशक्ती नभोवाणीचे उदाहरण घेतले आहे. अशा प्रक्षेपणासाठी क्षेत्र-तीव्रता मापक कोणता घ्यावा, असा वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न मुळात संसाधन-वाटपाचा आहे.

पार्श्वभूमी : लहरी कोणाच्या?

भारतात बिनतारी संदेशवहनाचे नियमन दीर्घकाळ १८८५ चा भारतीय तार कायदा आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा यांच्या आधारे होत आले. या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये दूरसंचार कायदा संमत केला. दरम्यान, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. मराठी वाचकांना परिचित असलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठात होते. परीक्षेच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा आहेच. मात्र सार्वजनिक मालमत्ता म्हणजे कोणीही वापरावी अशी मालमत्ता नव्हे, हे लगेच लक्षात घ्यावे लागते. बिहारमधील वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूर गावी राघव महतो या तरुणाने जेमतेम पन्नास रुपयांच्या साहित्यातून उभारलेले एफएम केंद्र परवाना नसल्यामुळे २००६ मध्ये बंद करण्यात आले, हे अनेकांना आठवत असेल.

अर्थशास्त्रात या विषयाची पायाभरणी रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्ये केली. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगावरील आपल्या निबंधात त्यांनी असे मांडले की, दोन केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळणे हा मुळात हक्कांच्या अस्पष्टतेचा प्रश्न आहे. हक्क स्पष्ट केले तर त्यांची देवघेव होऊ शकेल. कोस यांना १९९१ चा नोबेल पुरस्कार मिळाला. परंतु हक्क स्पष्ट करायचा म्हणजे त्याची सीमा मोजता आली पाहिजे. शेताचा बांध डोळ्यांना दिसतो, लहरीचा बांध दिसत नाही; तो पाहण्यासाठी मापक लागतो. वस्तूच्या गुणधर्मांचे मापन करण्याचा खर्च बाजाराची रचनाच बदलून टाकतो, हे योराम बार्झेल यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. आपल्या विषयाला कोस यांच्याइतकेच बार्झेलही उपयोगी पडतात.

एकाच कायद्यातील दोन प्रकारचे नियम

अमेरिकेत अत्यल्प शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट देण्याची प्रथा १९३८ पासूनची आहे. आज ही तरतूद संघीय नियमावलीच्या पंधराव्या भागात येते. या भागाची सर्वसाधारण अट अशी की, असे उपकरण परवानाधारक केंद्राला उपद्रव देणार नाही आणि त्याच्या वाट्याला आलेला उपद्रव मात्र निमूटपणे सहन करील. घरमालकाने ओसरीवर बसू दिले म्हणून ओसरीवर हक्क सांगता येत नाही, तशातला हा प्रकार. महाविद्यालयांचे परिसर, विक्रीस काढलेल्या घरांची माहिती देणारे छोटे प्रेषक, तसेच २०२० च्या साथीत मोटारींमध्ये बसून प्रार्थना ऐकणाऱ्या भाविकांसाठी चर्चच्या आवारात लावलेले प्रेषक, हे सारे या सवलतीचे लाभार्थी होत.

या भागात नभोवाणीच्या दोन पट्ट्यांसाठी दोन वेगळ्या धाटणीचे नियम आहेत, आणि लेखाचा गाभा इथेच आहे.

एफएमच्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात प्रेषकापासून ३ मीटर अंतरावर क्षेत्र-तीव्रता २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटरपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. प्रेषक किती वॅटचा, अँटेना किती लांबीचा, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. फक्त परिणाम पाहिला जातो.

मध्यम लहरींच्या ५१० ते १७०५ किलोहर्ट्झ पट्ट्यात मात्र एक पर्याय उपलब्ध आहे. अंतिम टप्प्याला पुरवलेली शक्ती १०० मिलिवॅटच्या आत, आणि अँटेना, तिच्याकडे जाणारी तार व भूसंपर्काची तार यांची एकूण लांबी ३ मीटरच्या आत असली की पुरे. येथे विजेचा दाब व प्रवाह मोजणारा साधा मल्टिमीटर आणि शिंप्याकडची टेप एवढ्यावर भागते.

पर्यावरणाच्या अर्थशास्त्रात आपण निविष्टीवरील नियम आणि निष्पत्तीवरील नियम असा भेद शिकतो. कारखान्याने अमुक इंधन वापरावे, हा पहिला प्रकार. धुरात अमुक इतकेच गंधक असावे, हा दुसरा. निष्पत्तीवरील नियम अधिक कार्यक्षम मानला जातो, कारण तो साध्यावर बोट ठेवतो आणि साधन निवडण्याची मोकळीक देतो. पाठ्यपुस्तके येथे थांबतात. निष्पत्ती मोजण्याचा खर्च हिशेबात धरला की चित्र पालटू शकते, आणि एफएमच्या पट्ट्यातील छोट्या प्रक्षेपकाला नेमका तोच अनुभव येतो.

२५० मायक्रोव्होल्ट म्हणजे किती?

हा आकडा किती सूक्ष्म आहे याची कल्पना आल्याशिवाय मापकाची निवड करता येणार नाही. मोकळ्या अवकाशात क्षेत्र-तीव्रता व अंतर यांच्या गुणाकाराचा वर्ग करून त्यास ३० ने भागले असता समदिश उत्सर्जित शक्ती मिळते. २५० मायक्रोव्होल्ट आणि ३ मीटर ही मूल्ये घातल्यास उत्तर येते सुमारे १९ नॅनोवॅट. एका वॅटचे पाच कोटींहून अधिक भाग केले तर त्यांतील एक भाग! भारतातील सामुदायिक नभोवाणी केंद्राला १०० वॅट परिणामी उत्सर्जित शक्तीची मुभा असते. ती याच्या कित्येक अब्जपट होय.

दुसरी तुलना याहूनही बोलकी आहे. अमेरिकेत परवानाधारक एफएम केंद्राच्या संरक्षित सेवाक्षेत्राची सीमा सामान्यतः १,००० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर या पातळीवर आखतात. म्हणजे मोठ्या केंद्राच्या लहरी अनेक कोस चालून थकल्यावर जेवढ्या उरतात, त्याच्या चौथा हिस्सा विनापरवाना प्रेषकाला तीन मीटरवरच गाठता येतो, त्याहून अधिक नाही. त्याची पोच सुमारे २०० फूट, म्हणजे ६१ मीटर धरली जाते. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ तीन एकरांच्या आतबाहेर भरते. एवढ्या जागेवरच्या हक्काचा बांध आपल्याला मोजायचा आहे.

आता मापकाकडे येऊ. हवेतील क्षेत्र थेट मोजता येत नाही. अँटेना त्याचे विद्युत दाबात रूपांतर करते आणि मापक तो दाब मोजतो. या रूपांतराच्या गुणकाला अँटेना-गुणक म्हणतात. १०० मेगाहर्ट्झच्या अर्धतरंग द्विध्रुव अँटेनासाठी, ५० ओहमच्या मापकावर, हा गुणक सुमारे ८ डेसिबल येतो. २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर म्हणजे ४८ डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. त्यातून ८ वजा केले की ४० डेसिबल-मायक्रोव्होल्ट, म्हणजे बरोबर १०० मायक्रोव्होल्ट उरतात. तात्पर्य, ज्या मापकाला १०० मायक्रोव्होल्टचा संदेश विश्वासार्हपणे मोजता येत नाही, तो या कामासाठी निरुपयोगी. मग तो कितीही स्वस्त किंवा देखणा असो.

बाजारात काय मिळते

सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे डायोड, लहानशी सळई-अँटेना आणि सुईचे मीटर यांचा सापेक्ष मापक. हौशी रेडिओचालक तो घरीच जोडतात. डायोड जागा व्हायलाच काही दशांश व्होल्ट लागतात. १०० मायक्रोव्होल्टला तो दाद देणार नाही. शिवाय तो फक्त अधिक-उणे सांगतो, किती ते सांगत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्रमवाचक आणि संख्यावाचक उपयोगितेतील भेद ठाऊक असतो. हा मापक क्रमवाचक आहे. अँटेना सुस्थितीत बसली की नाही हे पाहण्यासाठी तो चांगला, परंतु कायद्याची मर्यादा संख्यावाचक आहे. घरातील विद्युत-चुंबकीय प्रदूषण मोजण्याच्या नावाखाली विकली जाणारी खिशातील यंत्रेही साधारण याच पंगतीत बसवावीत. आरोग्यविषयक मर्यादा व्होल्ट प्रति मीटरमध्ये असतात आणि या यंत्रांची पट्टीही तशीच असते. ट्रकच्या वजनकाट्यावर सोने तोलण्याचा उद्योग कोणी करू नये.

मोटारीतील किंवा घरातील रेडिओचा संदेश-दर्शक संवेदनशील खरा, पण त्यावरील आकड्यांना एककाचा आधार नसतो. दोन रेडिओ दोन आकडे दाखवतात.

यानंतर केबल दूरचित्रवाणीचे तंत्रज्ञ वापरतात तो संदेश-पातळी मापक येतो. माझ्या मते मध्यम ऐपतीच्या प्रक्षेपकासाठी तो फार दुर्लक्षित राहिलेला पर्याय आहे. तो डेसिबल-मायक्रोव्होल्टमध्ये वाचन देतो, एफएमचा पट्टा बहुधा त्याच्या आवाक्यात असतो आणि ४० डेसिबल ही पातळी मोजणे त्याला जड जात नाही. दीड मीटरच्या आसपास लांबीची द्विध्रुव अँटेना ॲल्युमिनियमच्या नळीतून स्वतः करता येते. तिचा अवरोध ७३ ओहमच्या जवळ असतो आणि या मापकाचा ७५, म्हणून दोघांचे छान जुळते. एवढेच ध्यानात ठेवावे की ७५ ओहमवर तेच क्षेत्र पावणेदोन डेसिबल अधिक दाखवील; मर्यादेचे वाचन ४० ऐवजी ४१.७ धरावे लागेल.

२०१२ च्या सुमारास असे आढळले की दूरचित्रवाणीसाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी ग्राहींचा संगणकाच्या साह्याने सर्वपट्टा रेडिओ म्हणून उपयोग होतो. संवेदनशीलता आणि किंमत या दोन्ही कसोट्यांवर ते उत्तम ठरतात. अडचण वेगळीच आहे. त्यांचे अंकीय रूपांतर ८ बिटांचे असल्याने तीव्र आणि क्षीण संदेश एकाच वेळी पेलण्याची ताकद मर्यादित असते. शहरात जवळच एखादे मोठे एफएम केंद्र असेल, तर त्याच्या भाराखाली ग्राही दबतो आणि नसलेले संदेश दाखवू लागतो. शिवाय त्यावरील डेसिबल हे कोणत्याही प्रमाणाशी जोडलेले नसतात. ज्ञात पातळीच्या संदेशाशी त्यांचे अंशांकन करावे लागते. २०२० पासून मिळू लागलेला टायनी-एसए हा तळहातावर मावणारा वर्णपट-विश्लेषक या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. १०० किलोहर्ट्झपासून ३५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात तो अंशांकित पातळी दाखवतो आणि स्वतःच्या तपासणीसाठी ज्ञात संदेशही पुरवतो.

सर्वांत वरच्या पायरीवर व्यावसायिक मापके आहेत. पोटोमॅक इन्स्ट्रुमेंट्सचा एफआयएम-४१ मध्यम लहरींसाठी आणि एफआयएम-७१ एफएम व दूरचित्रवाणीच्या पट्ट्यांसाठी अमेरिकेतील नभोवाणी अभियंत्यांच्या पिढ्यांनी वापरला. यांत अँटेना, ग्राही आणि अंशांकन एकत्र येते, म्हणजे विकत घेतला जातो तो केवळ मापक नसून आकड्यावरचा विश्वास असतो. किंमत हजारो डॉलरमध्ये. ज्या प्रेषकाची किंमत शंभर-दोनशे डॉलर आहे, त्याच्यासाठी हा मापक म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर भारी.

अचूकतेची किंमत कशी काढावी

मग निवड कशी करावी? बहुतेक जण किमतीची यादी पुढे ओढतात. अर्थशास्त्रज्ञाची रीत निराळी. चुकीच्या वाचनाने काय गमावले जाते, ते आधी काढावे आणि मगच अचूकतेसाठी किती मोजावे ते ठरवावे. यालाच माहितीचे मूल्य म्हणतात.

समजा, मापकाची त्रुटी अधिक-उणे ६ डेसिबल आहे. ६ डेसिबल म्हणजे दुप्पट किंवा निम्मे. मापक २५० दाखवत असेल तर खरे क्षेत्र ५०० असू शकते. कायद्याच्या आत राहू इच्छिणारा सावध प्रक्षेपक म्हणून मापकावर १२५ च दिसतील अशा बेताने प्रेषक चालवील. मोकळ्या अवकाशात क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. तेव्हा तीव्रता निम्मी म्हणजे पोच निम्मी, आणि पोच निम्मी म्हणजे क्षेत्रफळ एक चतुर्थांश. तीन एकरांचे पाऊण एकर झाले! त्रुटी ३ डेसिबल असेल तर निम्मे क्षेत्रफळ हाती राहते, २ डेसिबलला सुमारे ६३ टक्के आणि १ डेसिबलला ७९ टक्के. जमिनीलगत क्षेत्र याहून वेगाने घटते, त्यामुळे प्रत्यक्ष नुकसान काहीसे सौम्य असते. तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते असे धरले, तर ६ डेसिबलच्या त्रुटीला क्षेत्रफळ निम्मे होईल, एक चतुर्थांश नव्हे. तरीही दिशा तीच राहते.

या गणिताशेजारी आता किंमत ठेवून पाहावी. ६ डेसिबलवरून ३ वर येताना मोकळ्या अवकाशाच्या हिशेबाने २५ टक्के क्षेत्रफळ परत मिळते. २ वरून १ वर येताना १६ टक्के. किंमत मात्र अखेरच्या डेसिबलसाठी सर्वाधिक चढते. २ ते ३ डेसिबल त्रुटीचा मापक आणि जपून केलेली अँटेना यांच्यापाशी बहुतेकांचा समतोल साधतो. त्यापुढील खर्च ज्याच्या पाऊण एकरात शेकडो मोटारी उभ्या राहतात त्यानेच करावा.

दुसऱ्या बाजूला उल्लंघनाचा खर्च आहे. अमेरिकेत २०२० च्या कायद्याने चोरट्या नभोवाणीसाठी दिवसाला एक लाख डॉलरपर्यंत आणि एकूण वीस लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. तपासणी करणाऱ्या यंत्रणेकडे अंशांकित मापक असतो, प्रक्षेपकाकडे बहुधा नसतो. माहितीच्या विषमतेचे इतके नितळ उदाहरण विमा आणि जुन्या मोटारींच्या बाजाराबाहेर सहसा सापडत नाही. येथे आपण मर्यादेच्या आत आहोत की बाहेर, हे दुसऱ्या पक्षाला स्वतःहून अधिक नेमके ठाऊक असते.

यंत्र चांगले असूनही मापन बिघडू शकते, म्हणून थोडे पद्धतीविषयी. प्रेषक बंद ठेवून त्या वारंवारितेवर काय दिसते ते प्रथम पाहावे. अन्यथा दूरच्या केंद्राचा संदेश आपल्या खात्यावर जमा होतो. मोकळ्या मैदानात, भिंती, तारा व वाहनांपासून दूर मोजावे. जमिनीवरून परावर्तित लहर थेट लहरीत मिसळली की वाचन दुपटीपर्यंत चढू शकते किंवा खूप उतरू शकते. त्यामुळे प्रमाणित पद्धतीत ग्राहक अँटेना १ ते ४ मीटर उंचीपर्यंत हलवून, आडवी व उभी अशा दोन्ही स्थितींत, सर्वांत मोठे वाचन टिपतात. मोजणाऱ्याचे शरीरही लहरी अडवते. अरुंद पट्ट्याचा विश्लेषक असल्यास ध्वनी बंद ठेवून केवळ वाहक लहर मोजावी, कारण ध्वनी चालू असताना ऊर्जा पसरते आणि वाचन खरे असते त्याहून कमी येते.

मध्यम लहरींचा पेच

मध्यम लहरींसाठीही क्षेत्र-तीव्रतेची सर्वसाधारण मर्यादा आहे : २४,००० ला किलोहर्ट्झमधील वारंवारितेने भागावे, येईल तितके मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, ३० मीटर अंतरावर. १००० किलोहर्ट्झला हे २४ मायक्रोव्होल्ट होतात. शहरातील विजेच्या उपकरणांचा गोंगाट या पट्ट्यात सहज याच्या वर जातो, म्हणजे आपला संदेश गोंगाटात शोधावा लागतो. दुसरी अडचण भौतिकशास्त्राची. १००० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३०० मीटर असते आणि तिचा साधारण सहावा भाग, म्हणजे ४८ मीटर, होईपर्यंत आपण निकट-क्षेत्रात असतो. तेथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे नेहमीचे गुणोत्तर टिकत नाही. वेटोळ्याच्या अँटेनाचा मापक चुंबकीय क्षेत्र पकडतो व त्यावरून विद्युत क्षेत्राचा आकडा छापतो. ३० मीटरवर तो आकडा शब्दशः घेता येत नाही. एफएमची तरंगलांबी ३ मीटर असल्याने तिला ही अडचण तितकीशी येत नाही.

अशा स्थितीत १०० मिलिवॅट आणि ३ मीटरचा पर्यायी नियम शहाणपणाचा ठरतो. तो कमी नेमका आहे. चांगली ओली जमीन लाभलेला प्रेषक दूर ऐकू येतो, खडकाळ जमिनीवरचा येत नाही, आणि कायदा दोघांना एकच माप लावतो. या अन्यायाच्या बदल्यात मापनाचा खर्च जवळपास नाहीसा होतो. निष्पत्तीवरील नियम नेहमीच श्रेष्ठ, असे सरसकट विधान परीक्षेत करू नये ते यासाठीच.

मापनाचा खर्च इतर मार्गांनीही हलवता येतो. प्रमाणित करून विकला जाणारा प्रेषक कारखान्याच्या वतीने प्रयोगशाळेत एकदाच मोजला जातो आणि तो खर्च हजारो नगांवर विभागला जातो. ग्राहकाने अँटेना बदलली नाही तर त्याला मापकाची फारशी गरज उरत नाही. घरी बनवलेल्या उपकरणांसाठी अमेरिकी नियमावलीत एक माणुसकीची तरतूद आहे. स्वतःच्या वापरापुरती, पाचपर्यंत उपकरणे बनवणाऱ्याकडे मापनाची साधने नसतील हे ती मान्य करते आणि चांगल्या अभियांत्रिकी रीतीने मर्यादा शक्य तितकी पाळण्याची अपेक्षा ठेवते. मात्र उपद्रव दिल्यास प्रेषक बंद करण्याचे बंधन त्यालाही आहे. तिसरा मार्ग सहकाराचा. मापक वर्षातून एक-दोन वेळाच लागतो. दहा प्रक्षेपकांनी मिळून एक चांगला मापक घ्यावा, किंवा भाड्याने आणलेल्या अंशांकित मापकाशी आपला स्वस्त मापक ताडून पाहावा, यात महाराष्ट्रातील वाचकाला नवे काही वाटू नये. मळणीयंत्र आपण असेच वापरतो.

जपानचा अनुभव वेगळ्या अंगाने बोधक आहे. तेथे परवान्याविना चालणाऱ्या क्षीण प्रक्षेपणाची जुनी मर्यादा १०० मीटरवर १५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर अशी होती. १९८० च्या दशकात टेत्सुओ कोगावा यांच्यासारख्यांच्या प्रेरणेने याच सवलतीखाली शहरी वस्त्यांतून लघु-एफएमची चळवळ फोफावली. १९८६ मध्ये मर्यादा बदलून ३२२ मेगाहर्ट्झच्या खाली ती ३ मीटरवर ५०० मायक्रोव्होल्ट करण्यात आली. मोकळ्या अवकाशाच्या सूत्राने पाहिल्यास दोन्ही आकडे एकच आहेत : १५ गुणिले १०० आणि ५०० गुणिले ३. परंतु १०० मीटरवर जमीन, घरे व झाडे लहरींना खाऊन टाकतात, ३ मीटरवर खात नाहीत. कागदावर समान असलेला नियम त्यामुळे प्रत्यक्षात कठोर झाला, आणि मोजण्यास सोपाही. शंभर मीटरवरील १५ मायक्रोव्होल्ट शोधत फिरण्यापेक्षा तीन मीटरवरचे ५०० मोजणे कोणालाही परवडते.

भारतीय नियम कोणत्या एककात आहेत?

भारतात २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीची दारे उघडली गेली. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र, २००८ मध्ये तत्कालीन मेदक जिल्ह्यातील माचनूरचे संगम रेडिओ आणि आपल्याकडे म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ही त्याची फळे. या धोरणातील तांत्रिक अटी १०० वॅट परिणामी उत्सर्जित शक्ती आणि ३० मीटरपर्यंत अँटेनाची उंची अशा आहेत. प्रेषकाची शक्ती, केबलमधील घट आणि अँटेनाचा लाभ यांवरून त्यांचा हिशेब होतो. वॅटमापक आणि टेप पुरते. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त करतानाही १ वॅट प्रेषक शक्ती आणि ४ वॅट उत्सर्जित शक्ती हीच भाषा वापरली गेली. म्हणजे या दोन्ही ठिकाणी आपले नियम प्रेषकाच्या बाजूने लिहिले गेले आहेत, श्रोत्याच्या बाजूने नव्हे.

शाळेचे पटांगण, आठवडी बाजार किंवा यात्रेतील सूचना यांसाठी एफएम पट्ट्यात काही नॅनोवॅटची विनापरवाना मुभा द्यावी, असा प्रस्ताव उद्या समोर आला, तर चर्चा प्रथम आकड्यावर होईल, हे उघड आहे. तो आकडा मायक्रोव्होल्टमध्ये लिहायचा की मिलिवॅट व मीटरमध्ये, यावर तालुक्याच्या शाळेला ती सवलत खरोखर वापरता येईल की नाही हे ठरेल. मायक्रोव्होल्ट निवडले, तर प्रमाणित प्रेषकांची व्यवस्था आणि जिल्हा पातळीवर, तंत्रनिकेतनांसारख्या ठिकाणी, भाड्याने मिळणारा अंशांकित मापक यांची तजवीज त्याच आदेशात असावी लागेल.

सरावासाठी एक उदाहरण. एका शाळेचे पटांगण ४० मीटर त्रिज्येचे आहे. श्रवणासाठी कडेला १५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर लागतात असे धरा. मोकळ्या अवकाशाच्या सूत्राने ३ मीटरवर २०० मायक्रोव्होल्ट लागतील. अमेरिकेतील २५० ची मर्यादा लागू असेल, तर शाळेकडे २५० भागिले २००, म्हणजे १.२५ पटीची सवड, सुमारे १.९ डेसिबल, उरते. अधिक-उणे ३ डेसिबल त्रुटीचा मापक त्यांना पुरेल का? पुरत नसेल, तर अधिक अचूक मापक घेणे आणि पटांगणाच्या कडेची पोच थोडी सोडून देणे यांपैकी स्वस्त काय, हे ठरवण्यासाठी आणखी कोणती माहिती लागेल, तेही लिहा.